अर्थमंत्र्याचा राजीनामा आणि जनतेचा निकाल

१ नोव्हेंबर १९५६ रोजी अमलात आलेल्या राज्य पुनर्रचना कायद्याने जबलपूरला उच्च न्यायालय दिले, राजधानी दिली नाही. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर यांच्या आयोगाने नव्या मध्य प्रदेशाची राजधानी म्हणून जबलपूरचे नाव सुचवले होते. प्रत्यक्षात तो मान भोपाळकडे गेला. त्याच कायद्याने विदर्भाचे आठ मराठी जिल्हे जबलपूरच्या जुन्या राज्यातून काढून मुंबईच्या द्वैभाषिकात घातले आणि मराठी जनतेची संयुक्त महाराष्ट्राची मागणी फेटाळून लावली. आणि हाच कायदा संसदेत घडत असताना, जुलै १९५६ मध्ये, भारत सरकारच्या अर्थमंत्र्याने आपले पद सोडले.

हे अर्थमंत्री म्हणजे चिंतामण द्वारकानाथ देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नेहरूंच्या अंगावर राजीनामा फेकणारा मराठी बाणा, एवढ्या दोन वाक्यांत आज त्यांची ओळख संपवली जाते. गौरवाच्या अशा वाक्यांनी माणूस मोठा होतो, पण त्याच्या कारकिर्दीचा अर्थ हरवतो. सत्ताधारी वर्गाच्या यंत्रणेत घडलेला, बुद्धिमान आणि स्वच्छ हाताचा माणूस जनतेच्या बाजूने कुठवर येऊ शकतो आणि कोणत्या वळणावर थांबतो, याचा देशमुखांच्या आयुष्याइतका स्पष्ट दाखला दुसरा क्वचितच सापडेल. म्हणून त्या कारकिर्दीचा हिशेब भक्तिभावाने नव्हे, चिकित्सेने मांडला पाहिजे.

मध्य प्रांताचा सनदी नोकर

१४ जानेवारी १८९६ रोजी रायगडाच्या परिसरातील नाते या गावी, एका वकिलाच्या घरात देशमुखांचा जन्म झाला. १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. पुढे केंब्रिजमध्ये त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला आणि १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेतही पहिला क्रमांक पटकावला. साम्राज्याला आपला गाडा हाकण्यासाठी नेमकी अशीच माणसे हवी होती.

त्यांची नेमणूक झाली ती मध्य प्रांत व वऱ्हाडात, म्हणजे ज्या प्रांताची राजधानी नागपूर होती आणि ज्याच्या हिंदी भागाचे प्रमुख शहर जबलपूर होते, त्या प्रांतात. हा प्रांतच मुळी इंग्रजांच्या सोयीने शिवलेली गोधडी होती. १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली असलेला नर्मदेकाठचा मुलूख, नागपूरचे खालसा केलेले राज्य आणि निजामाकडून घेतलेला वऱ्हाड एकत्र जोडून तो तयार झाला होता. हिंदी आणि मराठी बोलणारी, मालगुजाराच्या जाचाखाली दबलेली शेतकरी जनता त्यात नांदत होती. देशमुखांनी या प्रांतात अवर सचिव, डेप्युटी कमिशनर आणि बंदोबस्त अधिकारी म्हणून काम केले. बंदोबस्त अधिकारी म्हणजे जमीन मोजून, तिचा कस पाहून सारा ठरवणारा अधिकारी. शेतकऱ्याच्या खळ्यावरून सरकारी तिजोरीकडे धान्य कोणत्या वाटेने जाते, हे पुढे अर्थमंत्री होणाऱ्या या माणसाने अगदी जवळून पाहिले होते. महसूल आणि अर्थ या खात्यांचे सचिवपद भूषवणाऱ्यांत ते वयाने सर्वांत लहान होते. प्रांतांना केंद्राच्या उत्पन्नातील वाटा किती मिळावा, याची चौकशी सर ऑटो नीमेयर यांनी १९३६ मध्ये केली, तेव्हा मध्य प्रांताची बाजू मांडणारे त्यांचे निवेदन विशेष वाखाणले गेले.

मार्च १९३९ मध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीला काँग्रेसचे अधिवेशन भरले. इंग्रज सरकारला मुदतीचा खलिता द्यावा असा आग्रह सुभाषचंद्र बोस तेथे धरत होते आणि काँग्रेसमधील उजवे नेतृत्व त्यांना एकटे पाडण्यात गुंतले होते. त्याच वर्षी याच प्रांताचा हा कर्तबगार अधिकारी मुंबईला रिझर्व्ह बँकेत रुजू झाला. देशाच्या दोन वाटा एकाच भूमीतून कशा फुटत होत्या, हे यावरून दिसते. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात देशमुख साम्राज्याचे नोकर होते, ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. आणि त्यांनी स्वतःही ती कधी लपवली नाही.

नोटा, दुष्काळ आणि लंडनमधील ठेव

११ ऑगस्ट १९४३ रोजी देशमुख रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. ते वर्ष बंगालच्या भीषण दुष्काळाचे होते. त्या दुष्काळात अंदाजे तीस लाख माणसे मेली, आणि ती केवळ धान्य नव्हते म्हणून मेली नाहीत. युद्धाच्या काळात इंग्रज सरकार हिंदुस्थानातून सैन्यासाठी अन्न, कापड, पोलाद, सर्व काही उचलत होते. त्याची किंमत येथे रुपयांत चुकती होई, पण ते रुपये इंग्लंड देत नसे. लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावावर पौंडांची हुंडी लिहिली जाई आणि त्या कागदाच्या आधारावर बँक येथे नोटा छापी. युद्धाच्या सहा वर्षांत चलनात असलेल्या नोटा सुमारे सहापट झाल्या. माल बाहेर गेला, नोटा आत आल्या, भाव गगनाला भिडले. आणि ज्याच्याकडे विकायला श्रमाखेरीज काही नव्हते, त्याच्या ताटातील घास नाहीसा झाला. कायदेमंडळात एकही कर मंजूर न करता गरिबांकडून वसूल केलेला तो युद्धकर होता.

या व्यवहारातून हिंदुस्थानची इंग्लंडकडे साचलेली रक्कम युद्धाच्या अखेरीस सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली. शतकभर इंग्लंडचा ऋणको म्हणून राबलेला देश कागदोपत्री त्याचा सावकार बनला. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांची परिषद भरली आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक यांचा पाया घातला गेला. सर जेरेमी रेझमन यांच्या नेतृत्वाखालील हिंदी शिष्टमंडळात देशमुख, षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ हे होते. ही साचलेली रक्कम नाणेनिधीच्या मार्फत तरी मोकळी व्हावी, अशी मागणी शिष्टमंडळाने केली. हा इंग्लंड आणि त्याच्या धनकोंमधील आपसांतला प्रश्न आहे, असे सांगून लॉर्ड केन्स यांनी ती बाजूला सारली. विद्वत्ता कितीही थोर असली तरी साम्राज्याची तिजोरी राखताना ती कोणाच्या कामी येते, हे तेथे दिसून आले. ज्या ठेवीसाठी बंगालमधील माणसे मेली, ती ठेव पुढे वर्षानुवर्षे हप्त्याहप्त्याने, इंग्लंडच्या सोयीने परत मिळाली.

राष्ट्रीयीकरण : किती आणि कोणासाठी

१ जानेवारी १९४९ रोजी, देशमुख गव्हर्नर असतानाच, रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली. भागधारकांना शंभर रुपयांच्या भागाबद्दल ११८ रुपये १० आणे भरपाई मिळाली. ही घटना समाजवादाची नांदी म्हणून मिरवली गेली. पण त्याच काळात भांडवलशाही युरोपनेही हेच केले होते. बँक ऑफ इंग्लंड १९४६ मध्ये सरकारी झाली. नेदरलँडमध्ये अर्थमंत्री पीटर लीफटिंक यांनी १९४८ मध्ये तेथील मध्यवर्ती बँक राष्ट्राच्या मालकीची केली. याच लीफटिंक यांनी सप्टेंबर १९४५ मध्ये देशातील सर्व जुन्या नोटा एका फटक्यात रद्द करून प्रत्येक माणसाला आठवड्याच्या खर्चापुरते दहा गिल्डर दिले होते आणि काळ्या बाजारात कमावलेला पैसा उजेडात आणला होता. परंतु तोच अर्थमंत्री इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याविरुद्ध डच सैन्याने चालवलेल्या वसाहतवादी युद्धाचा खर्चही भागवत होता. मध्यवर्ती बँक सरकारच्या हाती आली म्हणजे सरकार जनतेच्या हाती आले असे होत नाही. ती किल्ली आहे. कुलूप कोणासाठी उघडायचे, हे राज्य कोणत्या वर्गाचे आहे यावर ठरते.

१ जून १९५० रोजी देशमुख अर्थमंत्री झाले. त्यांच्या आधीचे अर्थमंत्री जॉन मथाई यांनी नियोजन मंडळाला मिळणाऱ्या अधिकारांना विरोध करून पद सोडले होते. देशमुख मात्र त्या मंडळाचे सदस्य होते आणि नियोजनावर त्यांचा विश्वास होता. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. २,०६९ कोटी रुपयांची पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्याच कारकिर्दीत पार पडली. १९५३ मध्ये मृताच्या संपत्तीवर कर बसवणारा इस्टेट ड्यूटी कायदा झाला. बापाच्या गिरणीचा मालक जन्मतःच होणाऱ्या वर्गाला प्रथमच सरकारपुढे हिशेब द्यावा लागला.

याहून महत्त्वाची पावले पुढे पडली. रिझर्व्ह बँकेने हाती घेतलेल्या ग्रामीण कर्जाच्या पाहणीचा अहवाल १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतकऱ्याच्या कर्जाचा सुमारे ७० टक्के भाग सावकारांकडून येतो, सहकारी संस्थांकडून जेमतेम तीन टक्के आणि व्यापारी बँकांकडून एक टक्काही नाही, असे त्यात आढळले. स्वातंत्र्यानंतर सात वर्षांनीही गावाचा खरा अर्थमंत्री सावकार होता, हा त्या आकड्यांचा अर्थ. समितीच्या शिफारशीनुसार १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर घालण्यात आले.

त्यानंतर विमा आला. खासगी विमा कंपन्या म्हणजे उद्योगपतींच्या घरच्या तिजोऱ्या होत्या. कारकून, शिक्षक, कामगार यांनी विधवेच्या आणि पोरांच्या भाकरीसाठी भरलेले हप्ते मालकांच्या सट्ट्याला आणि कंपन्या गिळण्याला वापरले जात. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधी यांनी लोकसभेत डालमियांच्या विमा कंपनीतील अफरातफर उघडी पाडली. या प्रकरणात रामकृष्ण डालमिया यांना पुढे तुरुंगात जावे लागले. १९ जानेवारी १९५६ च्या वटहुकुमाने २४५ विमा कंपन्या व संस्थांचा कारभार सरकारने ताब्यात घेतला आणि ही घोषणा देशमुखांनी आकाशवाणीवरून केली. १ सप्टेंबर १९५६ रोजी, सरकारच्या अवघ्या पाच कोटी रुपयांच्या भांडवलावर, आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. विमा कर्मचाऱ्यांच्या संघटना राष्ट्रीयीकरणाची मागणी आधीपासून लावून धरत होत्या, ही गोष्ट सरकारी इतिहासात अनेकदा गाळली जाते.

जानेवारी १९५६

१९ जानेवारी ही तारीख नीट ध्यानात ठेवली पाहिजे. तीन दिवस आधी, १६ जानेवारीला, पंतप्रधान नेहरूंनी मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात राहील असे आकाशवाणीवरून जाहीर केले होते. मुंबईचा कामगार रस्त्यावर उतरला आणि मोरारजी देसाई यांच्या सरकारच्या पोलिसांनी आठवडाभर गोळीबार केला. त्याआधी २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी १५ जण गोळीला बळी पडले होते. जानेवारीनंतर या चळवळीच्या हुतात्म्यांची संख्या शंभरावर गेली. म्हणजे देशाच्या अर्थमंत्र्याचा आवाज ज्या आठवड्यात विमेदाराच्या पैशाला संरक्षण देत होता, त्याच आठवड्यात त्याच सरकारच्या पक्षाचे राज्य विमेदारांच्याच वस्त्यांत गोळ्या चालवत होते. लालबाग, परळ, गिरगाव येथील चाळींत राहणाऱ्या माणसांपुढे एकाच राज्यसंस्थेची ही दोन रूपे एकाच वेळी उभी होती.

देशमुखांनी आपला राजीनाम्याचा विचार जानेवारीतच पंतप्रधानांच्या कानी घातला होता. तो त्यांनी थांबवावा म्हणून त्यांचे मन वळवण्यात आले. जूनमध्ये मुंबईतील काँग्रेस महासमितीच्या बैठकीच्या वेळी मुंबई पाच वर्षे केंद्रशासित राहील असे पंतप्रधानांनी जाहीर केले, तेव्हा ते पुढे थांबले नाहीत. जुलैमध्ये त्यांनी लोकसभेत आपल्या राजीनाम्याची कारणे सांगितली. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता जाहीर झाला, हा त्यांचा पहिला आक्षेप होता. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारण्यात आली, हा दुसरा. आणि या सगळ्यामागे महाराष्ट्राविषयी आकस आहे, असे त्यांनी पंतप्रधानांच्या समोर बजावले.

यातील पहिला आक्षेप काहींना तांत्रिक वाटतो. तो तांत्रिक नव्हता. मंत्रिमंडळाची सामुदायिक जबाबदारी म्हणजे बंद दाराआड झालेल्या निर्णयाला सर्वांनी माना डोलावणे नव्हे; निर्णय घेताना सर्वांना विचारले गेले पाहिजे, हा त्या जबाबदारीचा पहिला अर्धा भाग आहे. तो वगळला की उरते ती एका माणसाची मर्जी. मंत्रिमंडळातील बाकीच्यांनी ती मर्जी मुकाट्याने मान्य केली. देशातील सर्वांत मोठ्या पदांपैकी एक सोडून उभे राहण्याची हिंमत एकाने दाखवली, आणि तो एक राजकारणात वाढलेला पुढारी नव्हता, जन्मभराचा सनदी नोकर होता. काँग्रेसमधील मराठी पुढाऱ्यांनी ‘निष्ठे’च्या नावाखाली काय केले, हे त्याच्या बाजूला ठेवून पाहिले म्हणजे या राजीनाम्याचे मोल कळते.

एका चौकशीला वेळ, दुसरीला नकार

चौकशीच्या मागणीचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. देशमुखांच्या जागी टी. टी. कृष्णम्माचारी आले. दीड वर्षातच नव्या आयुर्विमा महामंडळाचे १ कोटी २४ लाख रुपये हरिदास मुंदडा या सटोडियाच्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये अडकल्याचे बाहेर आले. पुन्हा फिरोज गांधींनीच सभागृहात जाब विचारला. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी उघड चौकशी करून महिन्याच्या आत निकाल दिला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्र्यांना पद सोडावे लागले. ही चौकशी योग्यच होती. परंतु सव्वा कोटी रुपयांसाठी जे सरकार न्यायमूर्ती बसवू शकले, तेच सरकार शंभरावर माणसांच्या मरणासाठी न्यायमूर्ती बसवू शकले नाही. रुपयाचा हिशेब मागता येतो, श्रमिकाच्या रक्ताचा मागता येत नाही, हा त्या राजवटीचा न्याय होता. लागोपाठच्या दोन अर्थमंत्र्यांनी राजीनामे दिले. एकाने हिशेब मागण्यासाठी, दुसऱ्याने हिशेब द्यावा लागला म्हणून.

१९५९ मध्ये देशमुखांनी मंत्र्यांवरील भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी करणारे कायम स्वरूपाचे न्यायाधिकरण असावे अशी मागणी केली. पंतप्रधानांनी तीही मानली नाही. मंत्र्याने जनतेला उत्तर द्यावे, ही एकच मागणी त्यांच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात पुन्हा पुन्हा दिसते.

जबलपूरच्या पदरात काय पडले

मुंबईविषयीचा वाद केवळ भाषेच्या अभिमानाचा नव्हता. मुंबईत बंदर होते, गिरण्या होत्या, बँका आणि शेअर बाजार होता. त्या भांडवलावर मराठी कष्टकऱ्याच्या लोकसत्तेचा धाक बसू नये, म्हणून ती वेगळी ठेवायची होती. जबलपूरचा प्रश्न या तुलनेने लहान, पण निर्णयाची रीत ओळखीची. आयोगाने सांगितले एक, झाले दुसरे. आणि राजधानी गमावल्याची सल शहरात पुढे दशकानुदशके राहिली. नागपूर उच्च न्यायालयाचा कायदेशीर वारस म्हणून मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला आले, हे त्या नुकसानीवरचे सांत्वन होते.

जबलपूरच्या मराठी भाषकांचे मात्र वेगळेच झाले. जुन्या मध्य प्रदेशात १९५० च्या कायद्याने हिंदी आणि मराठी या दोन्ही राज्यभाषा होत्या. विदर्भ निघून गेल्यावर जबलपूर, रायपूर, सागर, बिलासपूर येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला मराठी शिक्षक, कारकून, रेल्वेचा आणि तोफखान्याचा कामगार एका रात्रीत भाषिक अल्पसंख्य झाला. त्याच १९५६ मध्ये सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क आणि ३५०-ख घटनेत आले. अल्पसंख्य भाषकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे असा आदेश पहिल्याने दिला आणि त्यावर देखरेख करणारा विशेष अधिकारी दुसऱ्याने नेमला. भाषावार राज्याची मागणी लोकशाहीची होती, म्हणूनच त्या राज्यात राहणाऱ्या दुसऱ्या भाषेच्या माणसाचा हक्कही लोकशाहीचाच भाग ठरतो. मुंबईतील हिंदी भाषक कामगाराला आणि जबलपुरातील मराठी भाषक कामगाराला एकच न्याय लागू आहे. मुंबईत ‘परप्रांतीय’ म्हणून एखाद्या फेरीवाल्याला बडवणारे आणि संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचे नाव घेणारे लोक त्या हुतात्म्यांचे वारस नव्हेत.

राजीनाम्याची मर्यादा

देशमुखांचा राजीनामा थोर होता, तरी मुंबई मिळाली ती राजीनाम्याने नाही. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन एका झेंड्याखाली आले. डांगे, एस. एम. जोशी, अत्रे, नाना पाटील सभा गाजवीत होते. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांचे पोवाडे गिरणगावात आणि गावोगाव घुमत होते. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने काँग्रेसला धूळ चारली. १ मे १९६० चा दिवस त्या मतपेटीतून आणि त्या रस्त्यांवरून उगवला. राजीनाम्याने प्रश्न संसदेच्या पटलावर मांडला. त्याचे उत्तर जनतेने दिले.

देशमुख त्या जनतेत उतरले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि १९६१ पर्यंत सांभाळले. १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. तेथेही त्यांनी मोलाचे काम केले, १९५९ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला, कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले. संस्था उभारणे हा त्यांचा पिंड होता. परंतु राष्ट्राचे जीवन संस्थांच्या दालनांतून चालते, हा सनदी नोकराचा समज त्यांना सोडून गेला नाही. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगून आल्या होत्या. स्वतः चिंतामणरावांना लोकसंघर्ष हे लोकशाहीचे साधन कधी वाटले नाही.

या समजाचा शेवट १९६९ मध्ये कटू झाला. त्या वर्षी १९ जुलैला चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पाठोपाठ ऑगस्टमध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक आली. स्टेट बँक आणि आयुर्विमा महामंडळ ज्याच्या कारकिर्दीत जन्मले, तो माणूस स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ या राष्ट्रीयीकरणाच्या कडव्या विरोधकांचा उमेदवार म्हणून उभा राहिला. गिरी निवडून आले, देशमुख तिसरे आले. व्यक्ती म्हणून ते आपल्या मते पक्षातीत राहिले असतील. पण राजकारणात माणूस कोणत्या रांगेत उभा आहे, हे त्याच्या मनावरून नव्हे, रांगेवरून ठरते. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.

वारसा कोणाचा

आज देशमुखांच्या नावाने व्याख्याने होतात, पण त्यांच्या कारकिर्दीत जे उभे राहिले ते एकेक करून मोडले जात आहे. मृताच्या संपत्तीवरील कर १९८५ मध्ये रद्द झाला, त्यांच्यानंतर आलेला संपत्तिकरही २०१५ च्या अर्थसंकल्पाने संपवला. विम्याचे दार १९९९ च्या कायद्याने खासगी भांडवलाला उघडले. परकी भांडवलाची मर्यादा २६ टक्क्यांवरून ४९, २०२१ मध्ये ७४ आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात शंभर टक्क्यांच्या घोषणेपर्यंत नेण्यात आली. मे २०२२ मध्ये आयुर्विमा महामंडळाचे साडेतीन टक्के भाग बाजारात विकले गेले. पाच कोटींच्या भांडवलावर उभी राहिलेली ही संस्था सरकारला दरवर्षी लाभांश देत आली आणि तिच्या निधीतून देशात वीज, पाणी, घरे उभी राहिली. मग ती विकण्याचे कारण काय, या प्रश्नाला तिजोरीतील खड्डा भरण्याखेरीज उत्तर मिळत नाही.

जबलपूरला हा प्रश्न परका नाही. १९०४ पासूनचा तोफगाडी कारखाना, खमरियाचा दारूगोळा कारखाना, १९६९ चा वाहन कारखाना यांवर हे शहर जगले. या कामगारांच्या पगारातून दरमहा कापला जाणारा विम्याचा हप्ता म्हणजे १९ जानेवारी १९५६ च्या त्या घोषणेवर ठेवलेला विश्वास आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील शस्त्रास्त्र कारखान्यांचे मंडळ मोडून त्याचे सात कंपन्यांत तुकडे करण्यात आले. कामगार संघटनांचा विरोध कायद्याचा बडगा उगारून दाबण्यात आला. ज्याची नोकरी आणि ज्याची म्हातारपणाची पुंजी, दोन्ही एकाच वेळी बाजाराच्या दारात नेऊन उभी केली, त्याला कोणत्या मंत्रिमंडळाने कधी विचारले?

देशमुखांच्या कारकिर्दीतून घ्यायचा धडा येथे आहे. विचारल्याशिवाय निर्णय होऊ नयेत आणि गोळी चालली तर तिचा हिशेब झाला पाहिजे, या दोन साध्या गोष्टींसाठी एका अर्थमंत्र्याने आपली खुर्ची सोडली. त्यानंतरच्या सत्तर वर्षांत संपत्तीवरचे कर गेले, विम्याचे भाग विकले गेले, कारखाने तोडले गेले. पण यांपैकी एकाही निर्णयाच्या निषेधार्थ कोणा अर्थमंत्र्याने पद सोडल्याचे उदाहरण नाही. तेव्हा अशा राजीनाम्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. महामंडळाचा कर्मचारी, तोफखान्याचा कामगार आणि विमेदार यांनी, त्यांची भाषा मराठी असो वा हिंदी, एका झेंड्याखाली येऊन हिशेब मागणे हाच १९५६ चा खरा वारसा आहे, आणि तो मंत्र्यांच्या दालनात नाही, कारखान्याच्या फाटकाशीच सांभाळला जाईल.